आरव : एका कान्याचे अंतर

सदर : नावामागचा अर्थ



या महिन्याचे नाव मी निवडलेले नाही. ते एका घरातून माझ्याकडे चालत आले. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची आडत करणारे एक श्रावक कुटुंब माझ्या दीर्घ परिचयाचे आहे. गेल्या वर्षी त्या घरातील आजींनी शांतपणे देह ठेवला. त्यांच्या नावाचा अर्थही शांत, सौम्य असाच होता आणि ते नाव त्यांना शोभत असे. काही महिन्यांनी घरात नातू आला. आजींच्या नावाचा अंश बाळाच्या नावात उतरावा, ही सर्वांची इच्छा. जन्म कृत्तिकेच्या पहिल्या चरणावर, म्हणून अक्षर ‘अ’ निघाले. बाळाच्या आईवडिलांनी मोबाईलवर पुष्कळ शोध घेतला आणि एक नाव सर्वांना पसंत पडले : आरव. अर्थ लिहिला होता, ‘शांत, शांतताप्रिय’. आजोबांचे डोळे पाणावले. आत्याने बारशाला बाळाच्या कानात नाव सांगितले. निमंत्रणपत्रिकेवरही नावाखाली छापले होते, ‘आरव म्हणजे शांत, आजींच्या पुण्यस्मृतीस’.

भोजनाच्या पंगतीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक होते. पत्रिका वाचून ते सहज म्हणाले, “अहो, आरव म्हणजे शांत कसा? पहाटे कोंबडा आरवतो, तोच हा आरव.” पंगत हसली. आजोबा मात्र हसले नाहीत. आठ दिवसांनी त्यांचा मला दूरध्वनी आला. “गुरुजी, आम्ही तिच्या नावाने ठेवले आणि अर्थ नेमका उलटा निघाला म्हणतात. नाव बदलावे लागेल काय?”

प्रश्न एका घराचा असला तरी तो आज अनेक घरांचा आहे. गेल्या वीसेक वर्षांत आरव हे नाव शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले; आपल्या पाठशाळेतही एका वर्गात दोन आरव भेटतात. म्हणून या नावाचा विचार जरा सविस्तर करू.

प्रथम शब्दाचे मूळ. संस्कृतात ‘रु’ हा धातू आहे. त्याचा अर्थ आवाज करणे, ओरडणे, गुंजणे. त्यापासून ‘रव’ म्हणजे ध्वनी हा शब्द झाला. पक्ष्यांचा कलरव, घंटेचा घंटारव हे शब्द आपण मराठीतही वापरतो. या धातूच्या आधी ‘आ’ हा उपसर्ग लागला की ‘आरव’ सिद्ध होतो. अमरकोशात शब्द, म्हणजे ध्वनी, याचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत निनाद, ध्वनी, स्वन, नाद यांच्याबरोबर आरव, आराव, संराव, विराव हे चारही भाऊ एका रांगेत बसलेले आहेत. वामन शिवराम आपटे यांच्या कोशातही आरव शब्दापुढे ध्वनी, आक्रोश असेच अर्थ सापडतात. मराठीतले ‘आरवणे’ हे क्रियापद याच कुळातले. तेव्हा पंगतीतले शिक्षक थट्टा करीत नव्हते. ते कोशाला धरूनच बोलत होते.

मग ‘शांत’ हा अर्थ आला कोठून? त्याचे उत्तर बहुधा एका काना-मात्रेत दडलेले आहे. ‘रव’ या शब्दाला नकाराचा ‘अ’ लावला तर ‘अरव’ होतो; त्याचा अर्थ ज्यात आवाज नाही असा, निःशब्द. ‘अरव’ आणि ‘आरव’ यांत अंतर एका कान्याचे, पण अर्थ दोन टोकांचे. देवनागरीत हा काना डोळ्यांना दिसतो. रोमन लिपीत मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ एकाच अक्षराने लिहिले जातात, किंवा कोणी हौसेने एक अक्षर वाढवितो. अशा लिपीतून नावांच्या याद्या बनल्या, एका यादीवरून दुसरीने उतरून घेतले, आणि कान्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आपल्या वहीत एक शून्य इकडचे तिकडे झाले तर दिवाणजी रात्रभर बसून रोजमेळ जुळवितात. नावाच्या बाबतीत आपण तेवढी दक्षता घेत नाही, हे मान्य केले पाहिजे.

ज्यांना खरोखर ‘निःशब्द, शांत’ या अर्थाचेच नाव हवे असेल, त्यांच्यासाठी त्याच घराण्यात ‘नीरव’ हा शब्द आहे. निर् अधिक रव, म्हणजे जेथे आवाज नाही असा. शिवाय आपल्या आगमपरंपरेतील ‘उपशम’ हा शब्द आहे, ज्याचा अर्थ केवळ आवाजाचा अभाव नसून कषाय शमणे असा आहे. शांतीचा इतका खोल अर्थ सांगणारे नाव क्वचितच सापडेल.

आता याच धातूपासून निघालेले एक प्रसिद्ध नाव पाहू. ते वाचून काही जणांना आश्चर्य वाटेल. ते नाव म्हणजे रावण. जैन रामकथेत, विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या ग्रंथापासून, हा प्रसंग आलेला आहे. हा ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत रचलेला आहे. त्या कथेत रावणाला दहा डोकी नव्हती. बालपणी गळ्यात घातलेल्या रत्नहारात त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशमुख. पुढे गर्वाने त्याने, वालीमुनी जेथे ध्यानस्थ होते तो पर्वतच उचलला. मुनींनी पायाचा अंगठा किंचित दाबला आणि पर्वताखाली चिरडू लागलेल्या दशमुखाने मोठा आक्रोश केला. त्या रवामुळे त्याचे नाव रावण पडले. पहिले नाव कौतुकातून मिळाले, दुसरे गर्वाच्या फळातून. आईवडील एक नाव देतात आणि आपले आचरण दुसरे नाव कमावते, हे त्या कथेचे मर्म आहे.

तीर्थंकरांच्या नावांकडे पाहिले तर असे दिसते की, नाव हे सुंदर अक्षरांच्या शोधातून नव्हे, तर घडलेल्या गोष्टीतून येत असे. गर्भात आल्यापासून राजकुळाचे धनधान्य व आदर वाढत गेला, म्हणून वर्धमान. माता गर्भवती असताना पसरलेली रोगराई शमली, म्हणून शांतिनाथ. आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तेथे दर्शन घेतले असेल. ‘मल्लि’ म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे सुवासिक फूल. श्वेतांबर कथाग्रंथांत सांगितले आहे की, गर्भकाळात मातेला या फुलांच्या शय्येचे डोहाळे लागले, म्हणून ते नाव. या नावांमागे एक खरी वाटलेली गोष्ट असे आणि ती गोष्ट घरात सांगितली जाई. अर्थ छापील यादीतून उचललेला नसे.

नाव ठेवण्याचा विधीही आपल्याकडे फार विचारपूर्वक सांगितला आहे. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात गर्भापासून निर्वाणापर्यंतच्या ५३ क्रिया वर्णिल्या आहेत. त्यांतील ७वी क्रिया ‘नामकर्म’. जन्मानंतर १२ दिवस लोटल्यावर, शुभ दिवशी हा संस्कार करावा, असे तेथे म्हटले आहे. त्यातली एक पद्धत मोठी मनोज्ञ आहे. जिनेंद्रांची १००८ नावे वेगवेगळ्या पत्रांवर लिहून घटात घालावीत आणि त्यांतून एक पत्र काढावे. जे निघेल ते नाव बाळाला द्यावे. या पद्धतीत आईची आवड, काकांचा आग्रह किंवा शेजारच्या मुलाच्या नावाशी स्पर्धा यांना जागाच उरत नाही. जे नाव येईल ते शुभच, कारण घटात अशुभ काही घातलेलेच नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘नामकर्म’ हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी येतो. एक हा संस्कार. आणि दुसरे, आठ कर्मांपैकी एक कर्म. ज्याच्या उदयाने जीवाला गती, शरीर, आकार मिळतो, ते नामकर्म. त्याच्या उत्तरप्रकृतींमध्ये ‘सुस्वर’ आणि ‘दुःस्वर’ यांचीही गणना आहे. म्हणजे कोणाचा आवाज ऐकावासा वाटेल आणि कोणाचा नकोसा होईल, हेही त्या कर्माच्या उदयावर अवलंबून आहे. आत्या कानात जे सांगते ते पहिले नामकर्म. जीव आपल्यासोबत जे घेऊन येतो ते दुसरे. पहिले आपल्या हाती आहे, म्हणून त्याला सर्वस्व समजण्याचा मोह होतो. पण एखाद्याचे नाव सुस्वर ठेवल्याने स्वर मधुर होत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात आचार्य उमास्वातींनी, ज्यांना दिगंबर परंपरेत उमास्वामी म्हणतात, वस्तू समजून घेण्यासाठी चार निक्षेप सांगितले आहेत : नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. गुणाची अपेक्षा न धरता केवळ व्यवहारासाठी जी संज्ञा दिली जाते, तो नामनिक्षेप. गरीब घरातल्या मुलाचे नाव इंद्र असू शकते. त्याने तो स्वर्गाचा अधिपती होत नाही आणि ते नाव ठेवणारे खोटे बोलले असेही होत नाही. भावनिक्षेप मात्र तेव्हा होतो, जेव्हा तो गुण त्या जीवात प्रत्यक्ष प्रकट असतो. आपल्या घरांतील सर्व बारशी ही नामनिक्षेपाची आहेत. भावनिक्षेपाची पत्रिका छापता येत नाही. ती माणसाला आयुष्यभर स्वतः लिहावी लागते.

आपल्याच जिल्ह्यात नर्सी हे गाव आहे. आज सारा महाराष्ट्र त्याला ‘नर्सी नामदेव’ म्हणतो. एका बाळाला मिळालेले नाव पुढे गावाच्या नावाला जोडले गेले, ते त्या नावाचा कोशातला अर्थ मोठा होता म्हणून नव्हे, तर ते धारण करणारा माणूस मोठा झाला म्हणून.

मग काय, नावाचा अर्थ कोणताही सांगितला तरी चालेल? नाही. येथेच व्यापारी घराण्यांनी सावध राहिले पाहिजे. गुणाविना नाव ठेवणे हा नामनिक्षेप आहे, तो निर्दोष आहे. परंतु शब्दाचा जो अर्थ नाही तो आहे म्हणून सांगणे, हा वेगळा विषय आहे. तो सत्य-अणुव्रताच्या कक्षेत येतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा अर्थ काय? त्या नावाने त्याच भागातला माल विकला पाहिजे. दुसरीकडची हळद कितीही पिवळी असली तरी तिच्यावर ते नाव लावता येत नाही. पोत्यावरच्या शब्दाला आपण इतका मान देतो. सौद्याला आलेले हळकुंड मोडून, आतला रंग पाहून मगच भाव बोलतो. बाहेरच्या पॉलिशवर जात नाही. मग घरातल्या बाळाच्या नावाचा अर्थ मात्र पहिल्या यादीत दिसला तसा, न मोडता, न पाहता पत्रिकेवर छापतो, हे आपल्या धंद्याच्या रीतीला शोभणारे नाही. शब्दकोश उघडायला पाच मिनिटे लागतात.

हे केवळ आरवपुरते नाही. ‘अनया’ हे नाव आज मुलींसाठी आवडीने ठेवले जाते. संस्कृतात ‘अनया’ हे सर्वनामाचे रूप असून त्याचा अर्थ ‘हिने’, ‘हिच्या योगे’ एवढाच आहे. आणि ‘अनय’ म्हणजे अनीती, दुर्दैव. याउलट ‘विहान’ या नव्या वाटणाऱ्या नावाला पहाट हा कोशसिद्ध अर्थ आहे. म्हणजे नवे नाव तेवढे खोटे आणि जुने तेवढे खरे, असा नियम नाही. चंपालाल, केशरचंद, धन्यकुमार, चंदनबाला ही नावेही आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कधीतरी नवीनच होती. नव्या पिढीला नव्या अक्षरांची हौस असावी, त्यात गैर काही नाही. फक्त नाव देवनागरीत लिहून पाहावे, मोठ्याने उच्चारून पाहावे, आणि कोशात पाहावे.

आता त्या आडत दुकानातल्या आजोबांकडे परत येतो. मी त्यांना भेटायला गेलो. प्रथम व्यवहाराची गोष्ट सांगितली, ती वाचकांनीही ध्यानात ठेवावी. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते, परंतु बाळाचे नाव त्याच वेळी देण्याची सक्ती नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नाव नंतरही नोंदविता येते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत दिल्यास त्याला शुल्क लागत नाही. या घरात जन्माची नोंद झाली होती, नाव अद्याप दिले नव्हते. १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच मुख्य आधार धरला जातो. म्हणून त्यावर जे नाव व जी अक्षरे लिहिली जातील, ती पूर्ण विचाराने लिहिलेली असावीत. तेव्हा घाई नव्हती, आणि भीतीचेही कारण नव्हते.

मग मी त्यांना सांगितले की प्रामाणिक मार्ग दोन आहेत. शांती हाच अर्थ हवा असेल तर नीरव, उपशम, प्रशांत यांसारखे नाव घ्यावे; अक्षराचा आग्रह सैल करावा लागेल, एवढेच. आणि आरव हेच नाव ठेवायचे असेल, तर त्याचा खरा अर्थ आनंदाने स्वीकारावा. ध्वनी हा काही हलका अर्थ नाही. तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत अशोकवृक्ष, छत्र, चामर यांच्यासोबत दिव्यध्वनीची गणना आहे. समवसरणात माणसे, देव, पशुपक्षी सारे बसलेले असतात आणि तो ध्वनी ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळतो. त्या ध्वनीचे स्वरूप कसे, याबद्दल आपल्या परंपरांत वर्णनभेद आहेत. पण तो ऐकल्यावर जीवाचा संताप शमतो, याविषयी दुमत नाही. आवाज आणि शांती नेहमी एकमेकांच्या विरोधातच असतात असे नाही. आवाज कोणता, यावर ते आहे.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. सूनबाई दारात बाळाला घेऊन उभ्या होत्या. नाव त्यांनी निवडलेले. गेले आठ दिवस त्या मनातून अपराधी झाल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. शेवटी आजोबा म्हणाले, “गुरुजी, ती शांत होती हे खरे. पण या घरात पहाटेचा पहिला आवाज तिचाच असे. मी अंथरुणात असायचो आणि देवघरातून तिचे स्तोत्र ऐकू यायचे. ती गेल्यापासून पहाट मुकी झाली आहे.” मग ते सूनबाईंकडे वळून म्हणाले, “बेटा, नाव राहू दे. तू चुकली नाहीस. आम्ही अर्थ तेवढा दुरुस्त करू.”

त्याच पौर्णिमेला बाळाला दर्शनासाठी शिरड शहापूरला नेले. घरी उरलेल्या पत्रिकांवर आजोबांनी स्वतःच्या हाताने ‘शांत’ हा शब्द खोडून ‘ध्वनी’ लिहिले आणि ज्या नातेवाइकांना त्या पोहोचल्या होत्या, त्यांना दूरध्वनी करून दुरुस्ती सांगितली. एका शब्दासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या पेढीवर एका रुपयाची चूकही खाते फिरवून दुरुस्त केली जाते, तेथे हे नवल नाही.

बाळ मोठे होऊन कधीतरी विचारील, माझ्या नावाचा अर्थ काय? तेव्हा त्याला यादी दाखवावी लागणार नाही. पहाटे देवघरातून येणाऱ्या एका आवाजाची गोष्ट सांगता येईल. ती गोष्ट खरी आहे आणि शब्दकोशही तिच्या बाजूला आहे.

वाचकांनी आपल्या घरातील नव्या नावांविषयी अवश्य लिहावे. नाव देवनागरीत, काना-मात्रेसह लिहावे, म्हणजे अर्थ शोधताना आमचीही चूक होणार नाही. पुढील अंकात ‘विहान’ या नावाचा विचार करू.

जय जिनेंद्र.